पिस्तुलाची नळी हलते, म्हणजे ते बिघडलंय का?

नवं पिस्तूल हातात आलं की माणूस ते टेबलावर घेऊन बसतो. पुसतो, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागेपुढे करतो, आणि कधीतरी त्याचा अंगठा काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून दिसणाऱ्या नळीच्या पाठीवर टेकतो. नळी किंचित खाली दबते. अंगठा उचलला की वर येते. मग तो नळीचं पुढचं टोक चिमटीत धरून बघतो, तर तिथेही केसभर प्ले, म्हणजे सैलपणा. त्यानंतर त्याला चैन पडत नाही. नळी म्हणजे पिस्तुलाचा जीव. तीच डुगडुगत असेल तर गोळी जाणार कुठे, आणि हातातच काही फुटलं तर?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत नळीला थोडा प्ले असणं ही रचनेचीच गरज असते. काही पिस्तुलांत मात्र ती अजिबात हलता कामा नये. आणि ज्यांत ती हलायला हवी, त्यांत सगळ्यात आधी बघायचं ते हे, की स्लाइड बंद झाल्यावर नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसते का. किती हलते ते त्यानंतर.

सगळ्यात आधी पिस्तूल रिकामं

ही तपासणी करताना बोटं नळीच्या तोंडाजवळ जातात आणि डोळे चेंबरजवळ, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेजवळ. म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच टेबलाच्या खणात नको, दुसऱ्या खोलीतच. तोंड अशा दिशेला ठेवा जिथे चुकून गोळी सुटली तरी कोणाला लागणार नाही. बोट ट्रिगरच्या बाहेर. आता आधी मॅगझिन काढा आणि मग स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. स्लाइड ओढल्यावर चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते, आणि त्यानंतर तुम्ही मॅगझिन काढता. पिस्तूल रिकामं दिसतं, आत जिवंत काडतूस बसलेलं असतं. अनुभवी माणसांकडूनही अपघात घडतात ते असेच.

स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये उजेडात बघा, आणि नुसतं बघून न थांबता करंगळीचं टोक घालून चाचपा. पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर तुटला असेल तर स्लाइड कितीही वेळा ओढली तरी काडतूस आतच राहू शकतं, आणि अंधाऱ्या चेंबरमध्ये ते डोळ्याला चुकतं. बोटाला चुकत नाही. मॅगझिनच्या पोकळीतही बोट फिरवा. मध्येच फोन आला, उठून गेलात, तर परत आल्यावर हे सगळं पहिल्यापासून करा.

नळी हलते कशासाठी

९ मिलिमीटर ल्यूगर या सर्वात जास्त चालणाऱ्या काडतुसाचा कमाल दाब सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे २३५० बार आहे, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दोन हजारांहून जास्त पट. हा दाब चेंबरमध्ये आहे तोवर मागचं दार, म्हणजे चेंबर मागून बंद करणारी स्लाइड, उघडलं तर पितळी पुंगळी फुटते आणि गरम वायू पिस्तुलातून, पर्यायाने हातातून, वाट काढतो. म्हणजे गोळी तोंडाबाहेर पडून दाब उतरेपर्यंत दार बंद राहायला हवं, आणि लगेच ते आपोआप उघडायलाही हवं.

जॉन ब्राउनिंग यांनी यावर काढलेला तोडगा शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला आहे. नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकवायच्या. फैर झाली की हिसक्याने दोघी मिळून थोड्या मागे येतात. मग नळीचं मागचं टोक खाली उतरतं, अडक सुटते, नळी तिथेच थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते. एम १९११ पिस्तुलात नळीला खाली ओढायचं काम एक छोटी झुलती कडी करते. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं काम द्यूदोने सेव्ह यांनी पुरं केलं. ते १९३५ चं हाय-पॉवर. त्यात कडीच्या जागी नळीखाली तिरकी खाच आली. पुढे सिग पी २२० (१९७५) आणि ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलेलं ग्लॉक १७ यांनी नळीच्या पाठीवरचे, स्लाइडमध्ये अडकणारे दातही काढून टाकले. चेंबरभोवतीचा चौकोनी ठोकळाच स्लाइडच्या खिडकीत वर येऊन बसतो आणि तोच अडक धरतो. त्या ठोकळ्याची जी वरची पाठ दिसते आणि जिच्यावर तुमचा अंगठा टेकला होता, तिला हूड म्हणतात.

इतक्या लवकर मागे सरकणाऱ्या नळीतून गोळी सरळ कशी जाते, अशी शंका येते. हिशोब करून बघू. ९ मिलिमीटरची गोळी साधारण ८ ग्रॅमची. स्लाइड आणि नळी मिळून, पूर्ण आकाराच्या पिस्तुलात, साडेचारशे ते पाचशे ग्रॅम. म्हणजे गोळीच्या ५५-६० पट जड. तेव्हा गोळी नळीतून १०० मिलिमीटर पुढे जाते त्या वेळात स्लाइड आणि नळी मागे येतात दोनेक मिलिमीटर. अडक सुटायची वेळ त्यानंतरची. नळी खाली झुकते तेव्हा गोळी बाहेर पडून गेलेली असते.

आता प्लेकडे येऊ. सरळ आत-बाहेर होणारी काठी भोकात घट्ट बसवता येते. तीच काठी भोकात तिरकी व्हायची असेल तर भोक थोडं मोठं ठेवावंच लागतं. पिस्तुलाची नळी दर फैरीला स्लाइडच्या पुढच्या भोकात अशी तिरकी होते. (१९११ च्या नळीचं पुढचं टोक बाकी अंगापेक्षा किंचित जाड असतं ते यासाठीच. बंद स्थितीत तोंडापाशी घट्ट, मागे सरकताच मोकळी.) त्यात उष्णतेची भर. पोलाद १०० अंश तापलं की ११४ मिलिमीटर लांबीची नळी एक दशांश मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते. शिवाय जळालेल्या दारूची काजळी, धूळ, तेलाचा थर. शून्य फटीचं पिस्तूल पहिल्या मॅगझिनला सुंदर चालेल आणि पाचव्याला अडकेल.

आणखी एक गोष्ट, जी कळली की माझी स्वतःची काळजी कायमची मिटली. अंगठ्याने दाबल्यावर जाणवणारा प्ले फैरीच्या क्षणी तसा उरत नाही. दाब पुंगळीला आणि तिच्यामार्फत स्लाइडला मागे रेटतो, त्याच वेळी नळीच्या आतल्या पिळदार खोबणींत घासत जाणारी गोळी नळीला पुढे ओढते. एक मागे, एक पुढे. त्यामुळे अडकवणारे पृष्ठभाग एकमेकांवर करकचून बसतात. टेबलावर सैल वाटणारी जोडी त्या क्षणी घट्ट असते.

तुमचं पिस्तूल कोणत्या जातीचं

हे ठरवल्याशिवाय पुढची तपासणी व्यर्थ आहे, कारण एका जातीत जे निरोगी तेच दुसऱ्या जातीत धोक्याचं.

झुकणारी नळी ही सगळ्यात मोठी जात. १९११, हाय-पॉवर, सीझेड ७५, सिगची पी-मालिका, ग्लॉक आणि आजची बहुतेक पॉलिमर फ्रेमची पिस्तुलं यात येतात. स्लाइड हळू मागे ओढत बाजूने बघा. नळीचं तोंड वर उचलल्यासारखं आणि मागचा भाग खाली गेल्यासारखा दिसेल. यात थोडा प्ले अपेक्षितच.

दुसरी जात सरळ मागे सरकणाऱ्या नळीची. वॉल्थर पी ३८ आणि बेरेटा ९२. नळी झुकत नाही. तिच्याखाली एक वेगळा लॉकिंग ब्लॉक असतो, त्याचे दोन पंख स्लाइडच्या खोबणीत अडकतात आणि तो ब्लॉक खाली पडला की अडक सुटते. पिस्तूल उघडल्यावर हा ब्लॉक नळीखाली वर-खाली लटकतो. ते बघून घाबरू नका, तो लटकण्यासाठीच आहे.

तिसरी जात फिरणाऱ्या नळीची. बेरेटाचं कूगर ८००० आणि पीएक्स-४ स्टॉर्म. यात नळी स्वतःभोवती थोडी वळते, म्हणून बोटाने किंचित फिरवता आली तर ते नैसर्गिक. मात्र नावावर विसंबू नका. पीएक्स-४ चंच सब-कॉम्पॅक्ट मॉडेल झुकत्या नळीचं आहे.

चौथी जात स्थिर नळीची. वॉल्थर पीपी (१९२९) आणि पीपीके, सोव्हिएत सैन्याने १९५१ मध्ये स्वीकारलेलं मॅकारोव्ह, आणि स्पर्धेत वापरली जाणारी बहुतेक .२२ पिस्तुलं. इथे अडक नाही. कमी ताकदीचं काडतूस, जड स्लाइड आणि जोरकस स्प्रिंग यांच्यावर काम भागतं. नळी फ्रेममध्ये ठोकून, पिन मारून किंवा स्क्रूसारख्या आट्यांनी पक्की केलेली असते. अशी नळी फ्रेमच्या तुलनेत जरा जरी हलली तरी तो बिघाड समजा आणि पिस्तूल वापरू नका.

काडतूस बघून जात ओळखायचा प्रयत्नही फसतो. .३८० चं काडतूस बहुधा स्थिर नळीतून मारलं जातं, पण ग्लॉक ४२ त्याच काडतुसाचं असून झुकत्या नळीचं आहे. स्लाइड काढून डोळ्यांनी बघणं हाच खात्रीचा मार्ग. स्लाइडबरोबर नळी बाहेर आली तर ती हलती, फ्रेमवरच राहिली तर स्थिर.

तपासणी, पायरी पायरीने

पहिली पायरी, नेमकं काय हलतंय ते ठरवा. एकदा एक जण मॅकारोव्ह घेऊन आला, नळी सैल झाली म्हणून. स्लाइड बंद करून त्याने नळीचं तोंड धरलं आणि हलवून दाखवलं. हलत होतं, पण हलत होती ती नळीभोवतीची स्लाइड. स्लाइड उतरवल्यावर नळी फ्रेमला दगडासारखी घट्ट. स्लाइड आणि फ्रेम यांच्यातला डावा-उजवा खुळखुळाट जवळजवळ प्रत्येक पिस्तुलात असतो आणि नेमावर त्याचा परिणाम कमी होतो. झुकत्या नळीच्या पिस्तुलात तर नेम धरायच्या दोन्ही साइट्स स्लाइडवर असतात, म्हणून नळी आणि स्लाइड यांचं एकमेकींशी नातं पक्कं असलं म्हणजे बरंचसं काम झालं. तेव्हा एका हाताने स्लाइड आणि फ्रेम एकत्र धरा, आणि दुसऱ्या हाताने फक्त नळी हलवा.

दुसरी पायरी, स्लाइड पूर्ण बंद असताना हूडवर अंगठा दाबा. पूर्ण बंद हे महत्त्वाचं. स्लाइड मागे अडकवून नळी हलवाल तर ती खुशाल हलेल, कारण तेव्हा तिची अडक सुटलेली असते. बंद स्थितीत झुकत्या नळीच्या सर्व्हिस (सैन्य-पोलिसांच्या वापराच्या) पिस्तुलात हूड किंचित दबतो आणि सोडला की परत येतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलांत हे सर्रास दिसतं. दाबलेली नळी खालीच राहिली, किंवा एकदा वर आली आणि एकदा नाही, तर पिस्तूल बाजूला ठेवा.

१९११ पिस्तुलात आणखी एक बारकावा आहे. हूड दाबल्यावर नळी पट्टीच्या स्प्रिंगसारखी ताणून परत उसळत असेल, तर पुढचं बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीची बांगडी) फार घट्ट असण्याची शक्यता असते. नळी हलण्याऐवजी वाकते आहे. वर वर पिस्तूल मस्त घट्ट वाटतं आणि आतल्या आत नळीच्या खालच्या लगवर (बाहेर आलेल्या उंचवट्यावर) ताण पडत राहतो. मला विचाराल तर असल्या घट्टपणापेक्षा थोडा प्ले मी कधीही पत्करेन.

तिसरी पायरी, तोंडाकडचा प्ले. स्लाइड बंद, नळीचं टोक नखाने डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली ढकला. केसभर हालचाल ठीक. एका बाजूला स्पष्ट जास्त आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं असेल तर भोक किंवा बुशिंग एकाच अंगाने झिजलं असू शकतं.

सगळ्या पिस्तुलांना लागू पडेल असा प्लेचा एक आकडा नाही. पण मोजून ठेवल्याने पुढे तुलना करता येते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) असेल तर पिस्तूल व्हाइसमध्ये मऊ जबड्यांत हलकेच धरा, गेजचं टोक हूडवर टेकवा, दाबा, सोडा आणि वाचन लिहून ठेवा. गेज नसेल तर फीलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या, पात्या चालतील.

चौथी पायरी सगळ्यात मोलाची, आणि तिला खर्च काहीच नाही. नळीचा हूड, त्याच्या दोन्ही कडा, ठोकळ्याचा पुढचा खांदा आणि तोंडाजवळचा गोल भाग स्पिरिटने पुसून काळ्या मार्करने रंगवा. पिस्तूल जोडा, स्लाइड हाताने वीस-पंचवीस वेळा पूर्ण मागे ओढा आणि धाडकन न सोडता पुढे आणा. मग पुन्हा उघडा आणि नळी उजेडाकडे तिरकी धरून बघा. जिथे धातूला धातू घासला तिथे शाई गेलेली असेल. निरोगी नळीवर खांद्याच्या रुंदीभर बऱ्यापैकी सलग पट्टा मोकळा झालेला दिसतो आणि तोंडाजवळ वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी एक चकाकी. ही कोर जुन्या पिस्तुलांवर कायमचीच कोरलेली असते, तिला घाबरायचं कारण नाही. खांद्याच्या एकाच कोपऱ्यातली शाई गेली आणि बाकी सगळी शाबूत, असं दिसलं तर नळी वाकडी बसते आहे. शाई पुसा, पुन्हा लावा, पुन्हा करा. दोन्ही वेळा खूण त्याच जागी आली तर नळी निदान दर वेळी तशीच बसते आहे हे कळलं. खुणा जागा बदलत असतील तर ते जास्त वाईट.

पाचवी पायरी, स्लाइड पूर्ण बंद होते का. पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा. तोंड सुरक्षित दिशेला पण वरच्या अंगाला धरा, ट्रिगर ओढून तसाच दाबून ठेवा, स्लाइड मागे ओढा आणि हाताने धरूनच अगदी हळू पुढे सोडत जा. स्ट्रायकरच्या पिस्तुलांत (ग्लॉकसारख्या, बाहेर हॅमर नसलेल्या) रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला पुढे ढकलणारी स्प्रिंग, तपासायची ही नेहमीची पद्धत आहे. स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडून राहिली तर स्प्रिंग थकली आहे किंवा कुठेतरी घाण आहे. नळी सैल वाटण्यामागे कितीदा तरी एवढंच कारण निघतं, कारण स्लाइड पूर्ण पुढे आलीच नाही तर नळीही पूर्ण वर चढत नाही. .२२ रिमफायर पिस्तुलांत (ज्यांत पिन काडतुसाच्या कडेवर आदळते) कोरडा ट्रिगर ओढण्याआधी पुस्तिका बघा. काहींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

सहावी पायरी, पिस्तूल उघडून भिंगाने बघणं. नळीच्या खालचा लग जिथे नळीला मिळतो तो कोपरा, हूडच्या कडा, लॉकिंग ब्लॉकच्या पंखांची मुळं, स्लाइड स्टॉपची आडवी पिन, आणि १९११ असेल तर कडी आणि तिची पिन. आधी तेल पूर्ण पुसा, मग थेंबभर पातळ तेल लावून कोरड्या कापडाने टिपा. भेग असेल तर तिच्यात उरलेलं तेल काही मिनिटांत रेघ होऊन वर येतं. एका जुन्या बेरेटा ९२ मध्ये लॉकिंग ब्लॉकच्या डाव्या पंखाच्या मुळाशी अशी रेघ मी पाहिली आहे. पिस्तूल तोवर उत्तम चालत होतं, नेमही चांगला होता, आणि प्ले इतरांपेक्षा कमीच होता. प्लेवर सगळा विश्वास टाकू नये तो यासाठी.

इथे थांबायचं

पुढचं काहीही दिसलं तर त्या पिस्तुलातून एकही फैर नको, ते आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, न्यायचं. स्थिर नळी फ्रेममध्ये हलते किंवा फिरते आहे. लग, हूड, ब्लॉक किंवा स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यात भेग आहे. खांद्याची कडा ठोकल्यासारखी गोल होऊन बाहेर पसरली आहे. फ्रेममधली एखादी पिन आपोआप बाहेर सरकते आहे. नळीत एका टोकाने बघितल्यावर काळसर कडं दिसतं किंवा बाहेरून बोटाला फुगवटा लागतो, म्हणजे बहुधा कधीतरी गोळी आत अडकली होती आणि मागून दुसरी मारली गेली. पुंगळ्या तळाशी फुगून येत आहेत किंवा फाटत आहेत. आणि शेवटचं म्हणजे बदल. सहा महिन्यांपूर्वी नव्हता तो प्ले आज आहे, तर तो कितीही लहान असो, त्याचं कारण सापडलंच पाहिजे.

एक खूण मात्र उगाच घाबरवते. पुंगळीच्या प्रायमरवर (तळाशी, पिन आदळते त्या टोपीवर) पिनचा खड्डा गोल न येता अश्रूसारखा एका बाजूला ओघळलेला दिसतो. नळी खाली उतरताना पिनचं टोक अजून प्रायमरमध्ये असतं आणि ते ओरखडा काढतं. झुकत्या नळीत हे नेहमीचं आहे.

लक्ष्याचा कागद काय सांगतो

टेबलावरच्या तपासणीत सगळं ठीक आलं तरी शंका उरली असेल, तर रेंजवर जा. प्लेचा नेमावर किती परिणाम होऊ शकतो याचा अंदाज साध्या प्रमाणाने येतो. साधारण १०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर नळी टेकलेली आहे असं धरा. एका आधारापाशी ती ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे बसली, तर दिशा हजारात एक भागाने बदलते. २५ मीटरवर तो फरक २५ मिलिमीटर होतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना आयएसएसएफच्या २५ मीटर प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे स्पर्धकाचं अर्धं दहाचं वर्तुळ गेलं. स्पर्धेच्या पिस्तुलांची नळी घट्ट किंवा स्थिर का ठेवतात ते इथे समजतं. तळहाताएवढ्या वर्तुळात गोळ्या बसवायच्या सर्व्हिस पिस्तुलात मात्र हाच फरक हाताच्या थरथरीत हरवून जातो.

शिवाय हे झालं नळी दर वेळी वेगळी बसली तर. प्ले असूनही ती दर वेळी त्याच कोपऱ्यात बसत असेल, तर साइट तेवढी सरकवून घेतली की विषय मिटला.

म्हणून चाचणी अशी करा. टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर दोन्ही मनगटं टेकवलेली, एकाच खोक्यातली काडतुसं. दोन कागद लावा. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरा. स्लाइड ओढून चेंबरमध्ये घेतलेली पहिली गोळी डाव्या कागदावर मारा, पुढच्या चार उजव्या कागदावर. असं पाच वेळा. हाताने बंद केलेली स्लाइड आणि फैरीच्या जोराने स्वतः बंद झालेली स्लाइड यांत नळी किंचित वेगळी बसू शकते. डावा गट उजव्या गटापेक्षा ठळक बाजूला सरकला असेल, तर नळी दोन प्रकारे बसते आहे हे कागदावरच दिसतं. नुसता एकच कागद वापरला असता तर तुम्ही त्या गोळीला आपली चूक समजला असता. दोन्ही गट एकाच जागी आले, तर अंगठ्याला जाणवणाऱ्या प्लेची चिंता सोडून द्या.

हात आखडता घ्यायच्या जागा

प्ले घालवण्यासाठी हूडवर किंवा खिडकीच्या कडेवर हातोडी मारून धातू पसरवणं, फटीत चिकटद्रव भरणं, १९११ ला अंदाजाने लांब कडी लावणं, जास्त ताकदीची स्प्रिंग टाकणं, हे काही करू नका. लांब कडीने नळी वर घट्ट बसते खरी, पण ती खाली उतरायची वेळ बिघडते आणि दात एकमेकांवर घासून झिजतात. जोरकस स्प्रिंग स्लाइडला पुढे जास्त जोराने आदळवते आणि तो मार नळीच्या लगवर पडतो. बाजारात मिळणारी घट्ट बसणारी नळी हा खरा उपाय असू शकतो, पण तिला बहुधा कानस लावून बसवावं लागतं. हे काम ज्याने आधी केलं आहे त्याच्याकडेच द्या. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडायची सवयही मोडा. काडतूस आत ढकलताना स्लाइडचा वेग थोडा मारला जातो, चेंबर रिकामं असलं की तो सगळा नळीवर येतो.

आणि एक छोटी वही ठेवा. पिस्तूल नवं असतानाच त्यात पहिली नोंद करा: हूडचा प्ले, तोंडाचा प्ले, मार्करच्या खुणांचा फोटो, दोन कागदांवरचे गट, तारीख, एकूण फैरी. रिकॉइल स्प्रिंग बदलली की त्याचीही नोंद. पुस्तिकेत स्प्रिंग बदलायचा आकडा दिला असेल तर तो पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग दर हजारेक फैरींनी तोच मार्कर, तोच गेज, तीच दोन कागदांची चाचणी. नवी वाचनं जुन्या वाचनांशेजारीच लिहा, म्हणजे फरक पडला असेल तर तो लगेच नजरेत येईल.